रविवारी दुपारी, रात्रीचं गाणं

एकोणीसशे नव्व्याण्णव सालची ही गोष्ट. त्या वर्षी महाराष्ट्रदिनाला हिंगोली जिल्ह्याचं गाव झालं आणि अनुसूयाबाईंच्या पियानोचा पत्ता तिसऱ्यांदा बदलला.

पियानो काही आता जागचा हलला नव्हता, बदलली होती ती सरकारी नावं: पहिल्यांदा तो वाटेत असतानाच, दुसऱ्यांदा साठ साली महाराष्ट्र झाला तेव्हा. छप्पन्न साली अनुसूया लग्न होऊन सिकंदराबादहून हिंगोलीला आली. वडील रेल्वेत होते. एकुलत्या एका लेकीचा पियानो मागे ठेवून घ्यायला त्यांचं मन धजेना. म्हणून दसरा झाल्यावर त्यांनी तो गवताच्या पेंढ्यांत बांधला आणि मीटरगेजच्या मालगाडीत चढवून दिला. तो निघाला तेव्हा हिंगोली हैदराबाद राज्यात होती. पूर्णा जंक्शनच्या यार्डात बरेच दिवस पडून राहून तो पोचला, तोवर ती मुंबई राज्यात गेली होती. स्टेशनवरून बैलगाडीतून घरी आणला तेव्हा अर्धं गाव मागे. सासूबाईंनी त्याला ओवाळलं, कुंकू लावलं, आणि मग सुनेच्या कानाशी येऊन विचारलं, "ह्याच्यात धान्य किती मावतं गं?"

बंडोपंतांनी असलं काही विचारलं नाही. ते दिवाणी न्यायालयात कारकून होते, पुढे शिरस्तेदार झाले. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, त्यामुळे बोलण्यात अदब, कपड्याला इस्त्री आणि पाहुण्याशी वागण्याची एक ठरलेली रीत. गाण्यातलं त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. पहिल्याच रविवारी जेवण झाल्यावर ते दिवाणावर लोडाला टेकले आणि म्हणाले, "वाजव की काही."

तिने जे वाजवलं ते तिच्या मिस पिंटोंनी तिला शेवटी शेवटी शिकवलेलं होतं. दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या कुणा संगीतकाराने केलेलं. त्या काळाला रोमँटिक म्हणतात आणि तेव्हाची माणसं रात्र, चांदणं, पाणी असल्या गोष्टींवर फार गाणी करीत, असं मिस पिंटो सांगायच्या. हेही रात्रीचंच होतं. डावा हात झोपाळ्यासारखा हलत राहायचा आणि वर एक संथ सूर चालायचा. दुसऱ्या पानावर डावा हात खूप खाली, विहिरीच्या तळाशी गेल्यासारखा जायचा. तिथे पोचली आणि अनुसूयेला मागून घोरण्याचा आवाज आला.

नव्या नवरीला किती राग यावा! पण बंडोपंत उठून प्रामाणिकपणे म्हणाले, "उत्तम होतं. पुढच्या रविवारी पुन्हा वाजव."

पुढच्या रविवारीही त्याच जागी घोरणं. मग दर रविवारी. तिने दुसरी रचना घेऊन पाहिली, तर ते डोळे मिटून पडून राहत आणि संपल्यावर विचारत, "आज ते आपलं नाही का?" ती कधी चिडे, कधी मुद्दाम जोरात वाजवी. लेक रेवती झाली, शाळेत गेली, लग्न होऊन औरंगाबादला गेली. रविवार काही बदलला नाही. आठवडाभर कोर्टातल्या भांडणांचे कागद लावणारा हा माणूस त्या दुसऱ्या पानाच्या खाली उतरणाऱ्या सुरावर सगळं सोडून देई. शेवटचं पान त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. ते अनुसूयाबाई एकट्याच वाजवीत, हलक्या हाताने, झोपमोड होऊ नये म्हणून.

सत्त्याण्णव साली अनुसूयाबाईंना अर्धांगाचा हलकासा झटका आला. महिन्याभरात चालायला, बोलायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, नशीब. गेली ती फक्त दोन बोटं, उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी. पोळ्या लाटता येत, वेणी घालता येई, सही जमे. पण त्या रचनेचा सगळा सूर होता तो नेमका त्याच दोन बोटांवर. बाकीची बोटं खाली भर घालीत आणि वरचं गाणं ती दोघं गात. बाईंनी एकदा झाकण उघडून वाजवून पाहिलं. झोपाळा हलत होता, त्यावर बसलेलं माणूस तेवढं नव्हतं. त्यांनी झाकण लावलं, त्यावर क्रोशाचं कापड घातलं आणि फुलदाणी ठेवून दिली.

त्याच सुमारास काचबिंदूने बंडोपंतांची नजर गेली. सावल्या तेवढ्या दिसत. रात्र आणि दिवस एकच झाल्यावर झोप मोडली. गोळ्या झाल्या, तळव्यांना तूप चोळून झालं. रविवारी दुपारी तर ते दिवाणावर पडत, उठत, पुन्हा पडत, मग भिंत चाचपत घरभर फिरत. पियानोपाशी आले की फुलदाणी हाताला लागे, तिथून मागे वळत. कधी एका शब्दाने काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं, असं अनुसूयाबाईंना वाटे. ज्या घोरण्यावर त्या चाळीस वर्षं चिडल्या होत्या, ते एकदा ऐकू यावं म्हणून आता त्यांनी काहीही दिलं असतं.

तर असं सगळं असताना ती एक मेची सकाळ आली. जिल्हा झाल्याचा सोहळा पाहायला शेजारच्या शालूबाई त्यांना ओढून घेऊन गेल्या. मांडवामागे सावलीत बँडची मंडळी तयारी करीत होती. एक साठीचा माणूस वाद्यांच्या रिकाम्या पेटीवर बसून क्लॅरिनेटची पत्ती ओली करून पाहत होता. पाहता पाहता त्याने खालच्या पट्टीत एक संथ सूर धरला. कुणासाठी नाही, आपला सहजच. अनुसूयाबाई चालता चालता थांबल्या. पियानोचा सूर वाजला की विझू लागतो, हा विझत नव्हता. फुंकर आहे तोवर माणसाच्या गळ्यासारखा चालला होता.

"काय झालं हो?" शालूबाईंनी विचारलं.

"शालूबाई, माझी दोन बोटं सापडली," बाई म्हणाल्या.

शालूबाईंना अर्थ कळला नाही, पण त्या काही भीड बाळगणाऱ्या नव्हत्या. सोहळा संपल्याबरोबर गाठलंच त्यांनी. "अहो पोलीसदादा, ह्या बाईंना तुमच्याशी काम आहे."

तो किसनसिंग राठोड. कनेरगाव नाक्यापलीकडच्या तांड्यावरचा. राखीव पोलिसांच्या बँडमधून निवृत्त होऊन शेती करीत होता. त्या दिवशी वाजवणारा कमी पडला म्हणून जुन्या माणसाला बोलावलं होतं. बँडमध्ये असल्यामुळे पाच रेघांची स्वरलिपी तो वर्तमानपत्रासारखी वाचायचा.

चार दिवसांनी तो घरी आला. मागे त्याची बायको रूपाबाई. अंगावर आरशांची काचोळी, हातात कोपरापर्यंत बलोतीच्या पांढऱ्या बांगड्या. दारातच म्हणाली, "नौकरीत होते तवा ह्यांनी मला तांड्यावर ठिवून मुलूख पाह्यला. आता जिथं हे तिथं मी."

बंडोपंतांना रोज अकरा वाजता कोर्टाचा जुना शिपाई जळबा हाताला धरून कोर्टातल्या कट्ट्यावर नेई. ते तिथे जुन्या वकिलांशी गप्पा मारून जेवायला परत येत. तालमी तेवढ्या वेळात करायच्या असं ठरलं. डिसेंबरात बंडोपंतांची पंचाहत्तरी होती. तेव्हा हे वाजवायचं, त्यांनी ते ऐकायचं आणि दुसऱ्या पानावर झोपायचं. एवढंच बाईंना हवं होतं.

वरचा सूर क्लॅरिनेटला द्यायचा आणि खालचं सगळं आपण वाजवायचं. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी अडलं. चाळीस वर्षं हिंगोलीच्या उन्हाने पियानो अर्धा स्वर खाली उतरलेला, आणि सूर लावणारा माणूस नांदेडलासुद्धा मिळत नव्हता. क्लॅरिनेट काही तेवढं खाली येत नाही. बाईंनी हिशेब करून किसनसिंगचं पान नव्याने लिहिलं, पियानो घसरलेला धरून. पानाच्या सुरुवातीलाच तीव्र स्वरांच्या सहा खुणा बसल्या. त्याने कागद डोळ्यांपासून लांब धरला.

"बाईसाहेब, ही बाभूळ काहून लावली कागदावर?"

"जमणार नाही?"

"हुकूम आसंल तर जमवतो. पण नुसते काटे हायेत."

तेव्हा बाईंनी युक्ती केली. आपण पियानोवर सगळं अर्धा स्वर चढवून वाजवायचं, म्हणजे घसरलेला पियानो बरोबर मूळ जागी बोलेल आणि किसनसिंगच्या पानावर एकच काटा उरेल. बाकीचे सगळे काटे बाईंकडे आले. जी रचना हाताला झोपेत येत होती ती त्यांनी त्रेसष्टाव्या वर्षी काळ्या पट्ट्यांवरून पुन्हा शिकायला घेतली. आठ बोटांनी. सकाळी बंडोपंत बाहेर पडले की फुलदाणी खाली येई आणि ते परतायच्या आत क्रोशाच्या कापडावर पुन्हा चढे.

पावसाळ्याच्या शेवटाला दोघं पहिल्यांदा सगळं एकत्र वाजवायला बसली. म्हणजे बाई बसल्या, किसनसिंग उभा राहिला. छाती पुढे, टाचा जुळलेल्या, मैदानावर राहतो तसा. बाई वाजवताना मान वळवू शकत नव्हत्या. सूर सुरेख चालला होता, पण ओळीच्या शेवटाला त्याचा आवाज कापू लागे, पुढच्या ओळीत घुसमटल्यासारखा होई. बाई म्हणाल्या, "पुन्हा घेऊ." पुन्हा तेच. "पुन्हा."

तिसऱ्या वेळी रूपाबाई जमिनीवरून उठली आणि दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"बाई, माज्या मालकाला मारून राहिल्या का तुमी?"

"अगं, काय झालं?"

"त्यांच्या तोंडाकडं पाहा तरी. वांगं झालंय वांगं! म्हैस पाणी प्यायली तरी मदी मान वर काढते. तुमच्या कागदात दम खायला जागाच न्हाई."

बाईंनी मान वळवून पाहिलं. किसनसिंगचा चेहरा खरंच जांभळा पडला होता. त्यांनी कागद हातात घेतला. पहिल्या सुरापासून पानाच्या तळापर्यंत कुठे एक विराम नव्हता. पियानोला फुप्फुसं नसतात. जन्मभर त्यावर वाजवणाऱ्या बाईला, सुराला श्वास लागतो हे सुचलंच नव्हतं.

"किसनसिंग, तुम्ही बोलला का नाहीत?"

"कागदावर न्हवतं ना, बाईसाहेब. बँडात कागदावर हाय तेच वाजवायचं असतं."

"आन् मेला आसता तर कागदावर लिवून दिलं आसतं का कुणी?" रूपाबाई म्हणाली.

बाई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्या पुन्हा कामाला लागल्या. कुठे ओळ तोडायची, कुठे एक सूर आखूड करायचा. जिथे सूर तुटू द्यायचा नव्हता तिथे त्यांनी डावा हात उजव्यावरून पलीकडे न्यायचा ठरवला. किसनसिंग श्वास घेईल तेवढे दोन-तीन सूर डाव्या हाताने सांभाळायचे आणि पुन्हा त्याच्या हवाली करायचे. पहिल्यांदा जमलं तेव्हा रूपाबाई खालून म्हणाली, "हां, आता बराबर. एक घागर दोघांनी उचलल्यावानी."

दिवाळी झाली. रूपाबाई तालमीला येताना कधी ओल्या हरभऱ्याची जुडी आणी, कधी तुरीच्या शेंगा. किसनसिंगला बाई चहाच्या वेळी "बसा हो" म्हणत, तो दाराच्या चौकटीला टेकून उभ्यानेच चहा पिई. "साहेबांच्या घरात खुर्चीवर? आमी कोर्टात बंदोबस्ताला यायचो तवा साहेबांना सलाम मारलेला हाय."

पंचाहत्तरीला रेवती औरंगाबादहून आली. जळबा आला, वकील मंडळी आली, शालूबाईंनी कचोऱ्या केल्या. औक्षण झालं, जेवणं झाली. बंडोपंतांना दिवाणावर लोडाला टेकवून बसवलं. मग अनुसूयाबाईंनी सगळ्यांसमोर फुलदाणी उचलली, झाकण उघडलं. त्या आवाजाने बंडोपंतांची मान एकदम वर झाली.

किसनसिंग उभा राहिला. गणवेश नव्हता, पण तो असल्यासारखा त्याने साहेबांना नाव सांगून सलाम ठोकला. सूर निघाला आणि खोली भरून गेली. जे काही सात महिने घोटलं होतं ते सगळं जागच्या जागी पडलं. डावा हात उजव्यावरून गेला आणि परत आला. दुसरं पान आलं, डावा हात खाली खाली उतरला. बाईंनी कान मागे लावले.

काही नाही.

तिसरं पान झालं, शेवटचा सूर विरला. टाळ्या पडल्या आणि त्यांत सगळ्यांत मोठी टाळी बंडोपंतांची. ते ताठ बसले होते, पाय खाली सोडून. "वा! क्या बात है! किसनसिंग, कमाल केलीत! अनुसूया, मी हे असं शेवटपर्यंत कधी ऐकलंच नव्हतं!"

रेवतीने आईला मिठी मारली. वकील म्हणाले, हा कार्यक्रम नगरपालिकेच्या सभागृहात व्हायला हवा. सगळे इतके खूश होते की बाईंचा उतरलेला चेहरा कुणाच्या ध्यानात आला नाही. एकटी रूपाबाई भांडी उचलता उचलता म्हणाली, "काहून वो बाई? चांगलं झालं की."

"झोपले नाहीत गं ते."

रूपाबाईने भांडी खाली ठेवली. "म्हंजी तुमाला साहेबांना निजवायचं व्हतं? आन् आमी लेकाचे जागं करून राहिलो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाईंनी सरळ विचारलं.

"काल झोप नाही आली?"

"काल?" बंडोपंतांनी कप खाली ठेवला. "आली होती की. त्या खालच्या जागी डोळे असे जड झाले! मांडीला चिमटा काढून बसलो."

"चिमटा? कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? आवाज माझ्या डोक्यावरून येत होता. म्हणजे तो माणूस उभा होता. घरी आलेला माणूस उभा राहून माझ्यासाठी दम लावतोय, आणि मी यजमान आडवा होऊन घोरू? ही कुठली तहजीब?"

सात महिने बाईंनी पट्टी बदलली, काटे वेचले, श्वास पेरले. आणि अडलं कशावर, तर एक माणूस साहेबापुढे बसत नव्हता, आणि दुसरा उभ्या माणसापुढे झोपत नव्हता.

"चाळीस वर्षं माझ्यापुढे झोपलात ते?"

"तू बसलेली असतेस," बंडोपंत शांतपणे म्हणाले. "आणि तू काही पाहुणी नाहीस."

बाई उठून पियानोपाशी गेल्या. त्यांना मांडवामागची ती सकाळ आठवली. पेटीवर बसलेला किसनसिंग, गुडघ्यांमध्ये क्लॅरिनेट, आणि तो खालचा, कुणासाठीही नसलेला सूर. आपण पियानोवर सूर जिथे होता तिथेच, उंचावर ठेवला. बँडच्या माणसालाही उंचच वाजवायची सवय, मोकळ्या मैदानात खालचं ऐकतो कोण? त्यांनी नवा कागद घेतला आणि किसनसिंगचं सगळं गाणं एक सप्तक खाली उतरवून लिहिलं.

कागदाचं झालं, माणसाचं काय? किसनसिंगला समजावून पाहिलं. तो कानाची पाळी धरून म्हणाला, "बाईसाहेब, दुसरं काय बी सांगा."

तोड काढली ती रूपाबाईने. "त्यांना सांगू नका वो काही. पुढच्या आइतवारी आमाला जेवायला घाला. पुरण करा. मंग मी पाह्यते कसे उभे ऱ्हातात."

त्या रविवारी स्वयंपाकघरात पाट मांडले. बंडोपंत आणि किसनसिंग शेजारी शेजारी बसले. खाली बसून जेवताना साहेब कोण आणि शिपाई कोण? बाईंनी पुरणपोळ्यांवर तूप ओतलं, कटाची आमटी वाढली, वर भजी. किसनसिंग नको म्हणे तेव्हा रूपाबाई वाढायला सांगे.

"अजून एक घाला त्यांना."

"अगं, फुटंल पोट!"

"फुटू द्या. पोलिसात व्हता, घाबरता काय पोळीला?"

बंडोपंत हसून हसून ठसकले. "राठोड, आमच्याकडे एक कायदा आहे. ज्याने या घरात पुरण खाल्लं तो पाहुणा राहत नाही. पुढच्या वेळी त्याने स्वतःच्या हाताने वाढून घ्यायचं."

"जी साहेब."

"साहेब कोर्टात होता. इथं बंडोपंत."

एवढं काही किसनसिंगच्या तोंडून त्या दिवशी निघालं नाही. पण बाहेरच्या खोलीत आला तेव्हा त्याला उभं राहवत नव्हतं हे खरं. बाईंनी दिवाणाशेजारी आधीच बसका स्टूल ठेवला होता. तो एकदा स्टूलकडे, एकदा बायकोकडे पाहून हळूच टेकला.

बाईंनी झोपाळा हलवायला सुरुवात केली. सूर आला तो खालून, लाकडातून आल्यासारखा, ऊबदार आणि जरा खरखरीत. किसनसिंगने छाती पुढे काढली नाही. तो बायकोशी बोलावं तसा वाजवत होता. पहिलं पान गेलं. श्वासाच्या जागी बाईंचा डावा हात पलीकडे गेला, परत आला. दुसरं पान. हात एकेक पायरी खाली उतरत विहिरीच्या तळाशी पोचला.

मागून एक बारीक शिट्टी आली. मग खर्ज लागला.

क्लॅरिनेट एकदम थांबलं. किसनसिंग अर्धवट उठला, तोंड पडलेलं. "झोपले! बाईसाहेब, काई चुकलं माझं?"

"बसा," बाई कुजबुजल्या. त्यांना समोरचा कागद नीट दिसत नव्हता. "काही चुकलं नाही. बराबर वाजलं. पुढचं हळू वाजवायचं असतं."

आणि दोघांनी शेवटचं पान हलक्या हाताने, हलक्या फुंकरीने वाजवलं. रूपाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. संपल्यावर ती म्हणाली, "निजलेल्या माणसासाठी इतकं चांगलं वाजवायचं म्हंजी नवलच हाय." थोड्या वेळाने तिचाही डोळा लागला.

नंतरची आठ वर्षं रविवार तसाच राहिला. पेरणी आणि काढणीचे दिवस सोडले तर किसनसिंग येई, स्वतःच्या हाताने वाढून घेई आणि स्टूलवर बसे. बाईंनी त्याच्यासाठी आणखी पुष्कळ लिहिलं. शूबर्ट, शुमान, मेंडेलसन. ज्यांची गाणी मिस पिंटोंनी सिकंदराबादेत शिकवली होती, ती एका घसरलेल्या पियानोसाठी आणि कनेरगाव नाक्याच्या क्लॅरिनेटसाठी, जागोजागी श्वास ठेवून. ती बंडोपंत जागे राहून ऐकत आणि चांगली आहेत म्हणत. शेवटी विचारत, "आता ते आपलं?"

बंडोपंत दोन हजार आठच्या जानेवारीत गेले. चार दिवसांचा ताप झाला, फार तकलीफ नाही. दिवस झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी किसनसिंग न बोलावता ठरल्या वेळी आला. दोघांनी ते वाजवलं. दुसऱ्या पानावर खालच्या जागी पोचल्यावर दोघंही जरा थांबली आणि पुढचं नेहमीप्रमाणे हळूच वाजवलं.

रूपाबाई पुढे तांड्याच्या ग्रामपंचायतीत निवडून आली. बैठकीत कुणी न थांबता बोलू लागला की, "दम खा, म्हैस बी खाते," असं म्हणायची, ते त्या भागात म्हणीसारखं झालं. जळबा लेकाकडे जवळा बाजारला गेला आणि तिथेच वारला. शालूबाई अजून हिंगोलीतच आहेत. कचोऱ्या आता सून करते. रेवतीने आईला औरंगाबादला बोलावून पाहिलं, पण पियानो आता कुठल्या गाडीने नेणार, असं म्हणून बाईंनी टाळलं. मीटरगेज गेली होती, मोठी गाडी आली होती, तरी त्यांचं म्हणणं तेच.

किसनसिंग सत्तरी ओलांडून गेला तेव्हा त्याचे पुढचे दात पडले. क्लॅरिनेट धरायला वरचे दात लागतात. कवळी बसवून पाहिली, आवाज शिट्टीसारखा येई. मग त्याने वाजवणं सोडलं. येणं सोडलं नाही. रविवारी तो येतो, वाढून घेतो. अनुसूयाबाई पियानो वाजवतात, आठ बोटांनी, वरच्या सुराविना. वरचा सूर दोघांनाही पाठ आहे.

आणि दुसऱ्या पानावर, खालच्या त्या जागी, दिवाणावर लोडाला टेकलेला किसनसिंग घोरू लागतो.